सार्वजनिक निधीतील ब्रॉडबँड जाळे (ठाणे जिल्हा)

देशभर ऑप्टिकल फायबरचे जाळे सरकारने लोकांच्या पैशातून टाकावे की ते काम कंपन्यांवर सोडावे, या वादाचा विषय असलेली व्यवस्था. भारतात तिचे मुख्य रूप म्हणजे ग्रामपंचायती फायबरने जोडण्याचा केंद्र सरकारचा भारतनेट प्रकल्प. ठाणे जिल्ह्यात या वादाची दोन्ही टोके एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीत सापडतात. घोडबंदर रोडच्या गृहसंकुलांत तीन-चार कंपन्यांच्या वायरी एकाच डक्टमधून वर चढलेल्या असतात आणि गिऱ्हाईक फोडायला प्रत्येकाचा माणूस गेटवर हजर असतो. शहापूर-मुरबाडच्या डोंगरातल्या पाड्यांवर मात्र कोणत्या टेकाडावर रेंज येते हे पोरांना पाठ असते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आल्या, तेव्हा या फरकाची किंमत कोणी मोजली हे वेगळे सांगायला नको.

वादात 'करदात्याचा पैसा' हे शब्द सर्रास येतात, पण भारतनेटच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहेत. या प्रकल्पाचा खर्च प्रामुख्याने सार्वत्रिक सेवा दायित्व निधीतून झाला. १९९९ च्या दूरसंचार धोरणातून हा निधी निघाला, १ एप्रिल २००२ पासून तो अमलात आला आणि २००३ च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचे बळ मिळाले. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित ढोबळ महसुलातल्या (म्हणजे ठरावीक वजावटींनंतरच्या एकूण कमाईतल्या) दर शंभर रुपयांमागे पाच रुपये या निधीच्या नावाने घेतले जातात. कंपनी ते खिशातून भरत नाही, गिऱ्हाइकाकडूनच काढते. म्हणजे मुरबाडच्या पाड्यावरची बाई रिचार्ज मारते तेव्हा, प्राप्तिकराशी तिचा कधी संबंध आला नसला तरी, ती या जाळ्याची वर्गणीदार झालेली असते. शहरी करदात्याच्या जिवावर खेड्यात फायबर कशाला, असे विचारणाऱ्यांच्या हिशेबातून ही वर्गणी सुटते. शिवाय जमा रक्कम आधी भारताच्या संचित निधीत जाते आणि संसदेच्या मंजुरीनेच बाहेर येते. त्यामुळे वर्षानुवर्षे जमा जास्त आणि खर्च कमी, अशी गत राहिली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले.

सार्वजनिक पैशाने जाळी विणणे ठाण्याला नवे नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच येऊन थांबली. ती चालवणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नावाला खासगी कंपनी होती, पण १८४९ च्या करारात तिच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी दिलेली होती. कमाई त्याखाली गेली तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. नफा झाला तर लंडनचा आणि तोटा झाला तर इथल्या शेतसारा भरणाऱ्याचा, असा तो सौदा होता. नवी मुंबईने दुसरा रस्ता धरला. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने, म्हणजे राज्य सरकारच्या शहरे वसवणाऱ्या महामंडळाने, जमिनी विकसित करून विकल्या आणि त्या पैशातून शहर उभे केले. मानखुर्दहून खाडी ओलांडून बेलापूर-पनवेलकडे जाणाऱ्या उपनगरी रेल्वेच्या खर्चात सिडकोने ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के वाटा उचलला. १९९२ मध्ये वाशीला लोकल पोहोचली ती अशी. अर्थात ज्या जमिनींवर हे गणित उभे राहिले, त्या आगरी-कोळी गावांच्या होत्या. तेव्हा 'करदात्याला तोशीस नाही' या वाक्यापुढे थोडे थांबावे.

भारतनेटचा जन्म ऑक्टोबर २०११ मधला. तेव्हा त्याचे नाव राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे होते. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या आणि त्याला २० हजार कोटी रुपये लागतील, असा अंदाज होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही कंपनी काढली आणि प्रत्यक्ष टाकणी बीएसएनएल, रेलटेल व पॉवरग्रिड या सरकारी कंपन्यांकडे दिली. सुमारे एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पुरा व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्र त्यातलेच एक. इथे हे काम 'महानेट' या नावाने झाले. २०२१ मध्ये १६ राज्यांत खासगी भागीदार घ्यायचे ठरले आणि १९,०४१ कोटी रुपयांची तूट-भरपाईही देऊ केली, तरी निविदांना कोणी धनी मिळाला नाही. बाजार खेड्यात आपसूक पोहोचेल म्हणणाऱ्यांना या प्रसंगाने जेवढे उत्तर दिले, तेवढे कुठल्या अर्थशास्त्रज्ञाने दिले नसेल. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला.

मूळ आराखड्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत बीएसएनएलची जिथवर केबल होती तिथवर तीच वापरायची आणि पुढचा तुकडा नवा टाकायचा, अशी काटकसर होती. जाळे झाडासारखे फाटे फुटत गेले. एक फांदी तुटली की तिच्यापुढची सगळी गावे बंद. रस्तारुंदीकरणाचा जेसीबी, नळपाणी योजनेचे चर, दरड, यांपैकी काहीही पुरते. तुटलेली तार जोडायला स्प्लायसिंग मशीन घेऊन माणूस यावा लागतो, आणि तो कोणी पाठवायचा यावर दोन कार्यालयांत पत्रव्यवहार चालू शकतो. तार शाबूत असली तरी ग्रामपंचायत कार्यालयातल्या पेटीला वीज लागते; पावसाळ्यात ती जाते आणि बॅटरी संपली की फायबर असून नसल्यासारखे. म्हणून 'सेवेस सज्ज' हा सरकारी शब्द जपून वाचावा. देशात सुमारे २ लाख १४ हजार ग्रामपंचायती सज्ज झाल्याचा आकडा दिला जातो, पण सज्ज असणे आणि चालू असणे यांत बरेच अंतर आहे. सुधारित कार्यक्रमात फांद्यांऐवजी कडे करायचे ठरले आहे, म्हणजे एका बाजूने तार तुटली तर दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहील. ठेकेदाराच्या गळ्यात दहा वर्षांची देखभालही बांधली आहे.

ठाणे जिल्ह्यात आणखी एक पेच आहे. प्रकल्पाने मोजली ती ग्रामपंचायत. इथली वस्ती मात्र पाड्यांची आहे. गटग्रामपंचायत असली की कार्यालय एका गावात आणि पाडे ओढ्यापलीकडे, चढावर, कोसभर दूर विखुरलेले. कार्यालयात दिवा लागला की कागदावर सगळी पंचायत जोडली जाते. कातकरी-ठाकर वस्तीच्या आयुष्यात काही बदलत नाही. ग्रामपंचायतीपलीकडच्या गावांना मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद आता झाली आहे. पण मागणी करायची तर अर्ज, पाठपुरावा आणि तालुक्याला खेटे आले, आणि नेमके तेच ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ही योजना आहे.

शहापूरचे लोक ही गोष्ट पाण्यावरून ओळखतात. तानसा आणि भातसा ही धरणे या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात टँकर धरणांच्या शेजारच्या पाड्यांवर. तारेचेही तसेच होते. कसाऱ्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या कडेने देशाच्या लांब पल्ल्याच्या केबली जातात. आटगाव, खर्डीच्या लोकांच्या पायाखालून देशभरचा डेटा वाहतो. लांबची केबल मध्येच फोडून गावाला जोडणी देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते, पण त्यासाठी उपकरणे, वीज आणि गिऱ्हाईक लागतात. तिसरी गोष्ट नसली की कंपनी पहिल्या दोन बसवत नाही.

जिल्हा सरकारी दूरध्वनी कंपन्यांतही विभागलेला होता. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांचा भाग एमटीएनएलकडे, तर कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड बीएसएनएलकडे. एमटीएनएलने २०२४ मध्ये बँकांचे हप्ते थकवले. बीएसएनएलला २०१९, २०२२ आणि २०२३ अशी तीन वेळा पुनरुज्जीवनाची मदत मिळाली. त्यातली दुसरी १.६४ लाख कोटींची, आणि भारत ब्रॉडबँड नेटवर्क बीएसएनएलमध्ये विलीन करण्याचा निर्णयही तिच्याबरोबरच झाला. हा पैसा मात्र सरळ तिजोरीतला. सार्वजनिक जाळ्याच्या विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा इथेच आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही.

ऑस्ट्रेलियाचा दाखला दोन्ही बाजू देतात. तिथल्या सरकारने २००९ मध्ये ९० टक्के घरांना थेट फायबर द्यायचे जाहीर केले. २०१३ मध्ये सरकार बदलले आणि खर्च वाचवण्यासाठी जुन्या तांब्याच्या तारांवर बराच भार टाकला गेला. २०२० मध्ये जाळे पूर्ण झाल्याचे सांगितले आणि त्याच वर्षी अनेक भागांत फायबर नव्याने टाकायला पैसे मंजूर केले. अर्धवट काटकसर दुप्पट खर्चात पडते हे भारतनेटच्या फांद्यांनीही दाखवले आहे. केरळने के-फॉन नावाचे स्वतःचे फायबर जाळे उभारले. जून २०२३ मध्ये ते सुरू झाले आणि २० लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी हे त्याचे उद्दिष्ट.

बाजाराच्या बाजूने बोलणारे ऐरोली-रबाळे-महापेच्या डेटा सेंटरांकडे बोट दाखवतात : सरकारने केबल न टाकता ही आली ना? आली, पण एमआयडीसीच्या जमिनीवर, आणि राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने विद्युत शुल्कातही माफी देऊ केली. माफ केलेले शुल्क हाही सार्वजनिक खर्चच. अंदाजपत्रकात त्याची ओळ दिसत नाही एवढेच. ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांत सरकारने फायबर टाकायची गरज नाही, तिथे केबलवाल्यापासून मोठ्या कंपनीपर्यंत स्पर्धा पुरेशी आहे. तिथे पालिकेने खोदाईची परवानगी वेळेत द्यावी आणि एकच चर सगळ्यांना वापरायला लावावा, इतके पुरे. सार्वजनिक पैसा लागतो तो आसनगाव स्थानकावरून जीप धरावी लागते त्या भागात, आणि तिथेही केबल पुरण्यापेक्षा ती पुढची वीस वर्षे जिवंत ठेवण्यासाठी.

'ब्रॉडबँड' कशाला म्हणायचे हेही सरकत राहिले आहे. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस (सेकंदाला २५६ किलोबिट) वेग पुरेसा होता, २०१३ मध्ये ५१२ झाले, जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) लागतात. भारतनेटच्या आराखड्यात प्रत्येक ग्रामपंचायतीसाठी १०० एमबीपीएस धरले होते, तेही सगळ्या गावात मिळून.