भरती, ओहोटी आणि खाजनाची ताकद

गोव्यातल्या मांडवी नदीला भरती लागली की खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधातल्या मानशीचे (पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेचे) दार आपोआप मिटते. तिथे मोटर नसते, कुणी दोर ओढायला उभा नसतो. चढणारे नदीचे पाणीच लाकडी फळीला चौकटीवर दाबून धरते. ओहोटीला नदी उतरली की आतल्या पाण्याचा जोर वरचढ होतो, फळी नदीच्या बाजूला उघडते आणि शेतात साठलेले जादा पाणी निघून जाते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि शेकडो वर्षे हे असेच चालू आहे.

गोव्यात अशी खाजने सुमारे १८ हजार हेक्टरांवर आहेत. दिवाडी, चोडण, नेवरा, आगशी अशा गावांत भरतीच्या वेळी बांधावर उभे राहिलात तर एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला तिच्याहून खाली असलेले भाताचे शेत दिसते. या दोघांमध्ये असतो चिखल, पेंढा आणि चिऱ्यांनी रचलेला बांध. परिसंस्था धक्के खाऊनही कशी टिकते, या प्रश्नाचा अभ्यास करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

हा प्रश्न विज्ञानात नीट मांडला तो कॅनडाचे परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी, १९७३ साली. कॅनडाच्या सूचिपर्णी जंगलांत एक अळी काही दशकांनी प्रचंड संख्येने उसळते आणि पक्व झाडांचा फडशा पाडते. वरवर पाहता तो विनाशच. पण झाडे पडल्यावर खालच्या रोपांना उजेड मिळतो, दबलेल्या जातींना जागा मिळते आणि जंगल पुन्हा उभे राहते. त्यावरून हॉलिंग यांनी म्हटले, की स्थिर असणे वेगळे आणि सावरण्याची क्षमता असणे वेगळे. एखादी परिसंस्था खूप हेलकावे खाते आणि म्हणूनच टिकते. मात्र हेलकाव्याला एक मर्यादा असते. ती ओलांडली की परिसंस्था दुसऱ्याच अवस्थेत जाऊन बसते आणि धक्का ओसरला तरी परत येत नाही.

खाजनाचे वर्ष म्हणजे असाच मोठा हेलकावा. मे महिन्यात खारे पाणी नदीतून कितीतरी आतवर चढलेले असते, खाजनाची माती खारट असते आणि मानशीजवळच्या खोलगट पोंयीत (डोहात) सुंगटे म्हणजे कोळंबी आणि शेवटे, कालुंदर, चोणक हे मासे वाढत असतात. मग पावसाळा येतो. वर्षाचा जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पहिल्या सरी वरच्या थरातले मीठ विरघळवतात, ओहोटीला ते मानशीतून बाहेर जाते, आणि त्याच मातीत भात उभे राहते. तेही कोरगूटसारखे, उंच वाढणारे आणि उरलेला खारटपणा सोसणारे. जुन्या गोव्याजवळ एला इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था आहे. तिने कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान’ नावाचे वाण खाऱ्या जमिनीसाठी तयार केले.

आता मर्यादा कुठे आहे ते पाहू. बांधाला खिंडार पडले आणि ते बुजवले नाही तर खारे पाणी शेतात मुक्काम करते. मीठ पावसाने धुऊन जाईल, पण सोडियम चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. गोड्या पाण्यात असे कण फुगतात, एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली बारीक छिद्रे बुजवतात. पाणी खाली मुरेनासे होते. म्हणजे मीठ धुण्याचा मार्गच मिठाने बंद केलेला असतो.

उलट, खारे पाणी कायमचे अडवून जमीन कोरडीठाक करणेही घातक. भरतीच्या चिखलात हवा नसते. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून सल्फाइड बनवतात आणि लोहाशी जुळून त्याचे पायराइट होते. ते ओल्या चिखलात निरुपद्रवी पडून राहते. चिखल सुकून भेगाळला आणि आत हवा शिरली की त्याच पायराइटपासून गंधकाम्ल तयार होते. भाताची मुळे करपतात आणि हे आम्लयुक्त पाणी खाडीत उतरले तर मासेही मरतात. खाजनाला म्हणूनच नेमून दिलेले थोडे खारे पाणी आणि थोडी ओल लागतेच. मानस हा नेम सांभाळते.

हा नेम माणसांवर अवलंबून आहे, आणि इथेच खाजन जंगलापेक्षा वेगळे ठरते. कुर्ल्या (खेकडे) बांधात बिळे करतात. मुठीएवढ्या बिळातून आधी पाझर सुटतो, मग माती वाहू लागते आणि एखाद्या अमावास्येच्या मोठ्या भरतीला बांध फुटतो. पूर्वी गावकारीची (गावची जमीन सामाईक सांभाळणारी जुनी संस्था), पुढे कोमुनिदादची (तिचेच पोर्तुगीज काळातले रूप) माणसे हे बीळ वेळीच चिखलाने बुजवत. गोवामुक्तीनंतर कूळ कायदा आला, कसणाऱ्याला हक्क मिळाला. तो मिळायलाच हवा होता, पण बांधाची सामुदायिक जबाबदारी बऱ्याच ठिकाणी विस्कटली. मानशीतल्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. जास्त सुंगटांसाठी दार नको तेव्हा उघडे ठेवले तर शेतकऱ्याचे पीक जाते. खनिजाच्या बार्जांच्या लाटांनीही बांध झिजले.

फुटलेले शेत पडीक राहिले की त्यात खारफुटी रुजते. तिवराची बोटभर श्वसनमुळे चिखलातून वर येतात आणि काही वर्षांत तिथे दाट हिरवाई होते. ही हिरवाई मौल्यवान आहे. चोडणला १९८८ पासून डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे ते खारफुटीतच. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमे आहेत. त्यांनुसार खाजनांचे नकाशे करायचे, त्यांच्या कडेची खारफुटी राखायची, व्यवस्थापन आराखडा बनवायचा आणि खाजनात विकासकामांना परवानगी द्यायची नाही. पण शेतातच खारफुटी वाढली की ते शेत परत मिळवणे कायद्याने आणि मातीच्या दृष्टीनेही अवघड होऊन बसते. माझे मत स्पष्ट आहे. खारफुटी दशकानुदशके उभी असेल तिथे ती राहू द्यावी. खिंडार नवे असेल तिथे मात्र पुढच्या पावसाची वाट न पाहता बांध बांधावा, कारण दुरुस्तीची संधी त्या एकदोन हंगामांपुरतीच असते.

त्यासाठी गावात जुजबी मोजमाप तरी हवे. एप्रिल-मेमध्ये बांधाची पायी पाहणी करावी, बिळे आणि पाझर नोंदवावेत, मानशीच्या फळ्या चौकटीला नीट बसतात का ते बघावे. पाण्याची क्षारता मोजणारे हातात मावणारे यंत्र असते. पंचायतीने ते एक घेतले तरी पुरे. ऐन जुलैच्या पावसातही मानशीजवळच्या शेतातली क्षारता उतरत नसेल, तर दार गळते आहे किंवा कुणीतरी ते उघडे ठेवते आहे, हे भात पिवळे पडण्याआधी कळते.