डब कवितेची पार्श्वभूमी : लंडनमधील कृष्णवर्णीयांचे शब्द, संगीत आणि चित्रपट

ब्रिटनमध्ये कृष्णवर्णीय कवितेचा गौरव करायचा म्हटले की काव्यवाचन, रेगे संगीत आणि माहितीपट एकाच मंचावर येतात. ही सांगड अलीकडच्या आयोजकांनी घातलेली नाही. ती लंडनमधील राजकीय संघटनांच्या कामातून तयार झाली आहे. त्रिनिदादचे जॉन ला रोझ, बार्बाडोसचे कामाऊ ब्रॅथवेट आणि जमैकाचे अँड्र्यू साल्की यांनी १९६६ मध्ये तेथे ‘कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट’ ही कॅरिबियन लेखक-कलावंतांची चळवळ सुरू केली आणि त्याच वर्षी ला रोझ यांनी सारा व्हाइट यांच्यासह ‘न्यू बीकन बुक्स’ ही प्रकाशनसंस्था काढली.

पुढच्या पिढीतील कवी लिंटन क्वेसी जॉन्सन यांचा जन्म १९५२ मध्ये जमैकातील चॅपल्टनचा. १९६३ मध्ये ते लंडनला आले आणि शाळेत असतानाच ब्रिटिश ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या युवक शाखेत दाखल झाले. तेथे अमेरिकी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांचे लेखन वाचून ते कवितेकडे वळले, म्हणजे चळवळ आधी आणि कविता नंतर, हा क्रम त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. जमैकन रेगेच्या तबकड्यांच्या दुसऱ्या बाजूला गायकाचा आवाज काढून केवळ ढोल आणि बेस गिटार ठेवलेली ‘डब’ नावाची आवृत्ती असे आणि साउंड सिस्टिमवरचे (नाचासाठी लावलेल्या फिरत्या ध्वनियंत्रणेवरचे) डीजे त्या तालावर उत्स्फूर्त बोलत. जॉन्सन यांनी हीच लय जमैकन बोलीतील लिखित कवितेत आणली; हीच डब कविता. संगीतकार डेनिस बोव्हेल यांच्या संगीतसाथीने १९७८ पासून निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे ही कविता पुस्तकांच्या दुकानात न फिरकणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचली.

तिचे विषय मात्र रस्त्यावरचेच राहिले. केवळ संशयावरून कोणालाही अटक करण्याची मुभा पोलिसांना देणारा, १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्यातील ‘सस’ नावाने ओळखला जाणारा भाग कृष्णवर्णीय तरुणांवर सर्रास वापरला जात असे. तुरुंगातील मुलाने आईला लिहिलेल्या पत्राच्या रूपातील जॉन्सन यांची १९७९ मधील कविता याच तरतुदीविरुद्ध होती. ती तरतूद १९८१ मध्ये रद्द झाली. ब्रॅडफर्डमधील जॉर्ज लिंडो यांना दरोड्याच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेच्या मोर्चात जॉन्सन यांनी हाती कर्णा घेऊन कविता म्हटली.

१८ जानेवारी १९८१ रोजी लंडनच्या न्यू क्रॉस भागातील एका घरी वाढदिवसाच्या मेजवानीत आग लागून १३ तरुण-तरुणींचा मृत्यू झाला. पोलिसांच्या तपासाविषयीचा अविश्वास आणि सरकारचे मौन यांतून ला रोझ यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती उभी राहिली आणि २ मार्च रोजी, कामाच्या दिवशी, सुमारे २०,००० लोक मध्य लंडनमधून चालत गेले. या घटनेवर जॉन्सन यांनी कविता लिहिली, तर मेनेलिक शबाझ यांनी मोर्चाचे चित्रण करून माहितीपट केला. वृत्तपत्रांनी या मोर्चाला दंगलीचे रूप दिले असल्याने या दोन्ही कृतींना साक्षीपुराव्याचे मोल आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

या इतिहासात पुण्याचाही एक धागा आहे. पुण्यात जन्मलेले लेखक फारुख धोंडी ब्रिटिश ब्लॅक पँथर्समध्ये आणि नंतर ‘रेस टुडे’ या नियतकालिकाच्या गटात होते. जॉन्सन यांचा पहिला संग्रह १९७४ मध्ये याच गटाने प्रसिद्ध केला. या चळवळीत आशियाई कार्यकर्ते पाहुणे म्हणून नव्हते, हे त्यावरून कळते. १९८२ मध्ये ‘चॅनेल फोर’ ही ब्रिटिश दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली आणि १९८४ पासून धोंडी तेथे बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचे संपादक झाले. पूर्वी मोर्चे काढणारे गट आता दूरचित्रवाणीसाठी स्वतः कार्यक्रम करू लागले. त्याच काळात नव्या वाहिनीच्या अर्थसाहाय्यावर उभ्या राहिलेल्या ‘ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्ह’ने जॉन अकोम्फ्रा यांच्या दिग्दर्शनाखाली ब्रिटनमधील १९८५ च्या दंगलींवर चित्रपट केला आणि त्यात वृत्तचित्रण, छायाचित्रे आणि कवितेच्या वळणाचे निवेदन एकत्र गुंफले. दिग्दर्शक स्टीव्ह मॅक्वीन यांनी २०२० मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टनमधील लेखक अ‍ॅलेक्स व्हीटल यांच्यावर चित्रपट केला, तेव्हा न्यू क्रॉसच्या छायाचित्रांवर जॉन्सन यांच्या आवाजातील तीच कविता त्यांनी वापरली.