शाळा सुटल्यानंतरचे दोन तास

शाळेनंतरच्या उपक्रमांना हल्ली नवी नावं मिळाली आहेत. लीडरशिप प्रोग्रॅम, लाइफ स्किल्स, यूथ क्लब. त्यांना कंपन्यांचा निधी मिळतो, शाळांशी करार होतात, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटून फोटो काढले जातात. त्यामुळे ही कल्पना गेल्या दहा-पंधरा वर्षांत बाहेरून आली असावी, असा बऱ्याच पालकांचा समज असतो. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर तिचा माग १८४८ पर्यंत लागतो. आणि या सगळ्या वाटेवर 'आम्ही नेते घडवतो' असं म्हणणारी माणसं त्या मानाने थोडी भेटतात. पोरांच्या हाती काहीतरी खरं काम सोपवणारी जास्त भेटतात.

१८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतले विद्यार्थी आणि तरुण शिक्षक यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. वर्ग संपले की जमायचं, एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची, असं तिचं स्वरूप. मराठी आणि गुजराती बोलणाऱ्यांसाठी ज्ञानप्रसारक सभा नावाच्या शाखा निघाल्या. इथवर हे कुठल्याही कॉलेजातल्या वादविवाद मंडळासारखंच आहे. पण वर्षभरातच, १८४९ मध्ये, हीच मंडळी मुलींच्या शाळा चालवायला लागली. त्यांत तरुण दादाभाई नौरोजी होते. पगार नाही, इमारत नाही, आणि मुली पाठवायला पालक तयार नाहीत. घरोघर जाऊन बापांची मनधरणी करायची आणि आपापलं नेहमीचं काम सांभाळून उरलेल्या वेळात शिकवायचं. निबंधवाचनातून काय शिकले ते सांगता येणार नाही, पण नाही म्हणणाऱ्या माणसाच्या दारात पुन्हा जायला या पोरांना कुठल्या वर्गात शिकवलं नसणार.

पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. भाषण ऐकायला आणि पुढे करायला शिकलेल्या पिढ्या त्यातून निघाल्या. पण हा सगळा शहरी, इंग्रजी शिकलेल्यांचा आणि जवळजवळ संपूर्णपणे उच्चवर्णीय पुरुषांचा कारभार होता, हे विसरून चालणार नाही.

संध्याकाळ सर्वसामान्य पोरांची झाली ती तालमीमुळे. जुन्या आखाड्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थेचं रूप आलं. १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. पुण्यात १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं, तर दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिर आलं. मल्लखांब, लेझीम, कुस्ती, पुढे खोखो आणि हुतूतू. इथली शिकवण्याची पद्धत बारकाईने बघण्यासारखी आहे. वस्ताद एकटा शंभर पोरं सांभाळू शकत नाही. मग ज्याला दसरंग (मल्लखांबावरच्या कसरतींचा एक प्रकार) चांगले जमतात तो धाकट्यांच्या मल्लखांबाशी उभा राहतो, पडणाऱ्याला हात देतो, कोणाची पकड चुकते ते ओरडून सांगतो. स्वतःला येणं आणि दुसऱ्याला यावं म्हणून थांबणं, या दोन गोष्टींतला फरक बारा वर्षांच्या मुलाला तिथे अंगाने कळतो.

याच काळात, १९२४ मध्ये, साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचं वसतिगृह उभं राहिलं. ते क्लब म्हणून कोणी मोजत नाही. माझ्या मते मात्र या इतिहासातलं ते सगळ्यात धाडसी पान आहे. वेगवेगळ्या जातींची खेड्यातली मुलं एका छपराखाली राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंक्तीला जेवायची. शाळेच्या वेळेबाहेरचा सगळा दिवस त्यांच्याच कामावर चालायचा. दळण, पाणी, लाकूडफाटा, भांडी. पैसे कमी पडले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, या पोरांच्या पोटासाठी गेले. १९२७ मध्ये गांधीजी येऊन गेले आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. आजच्या पत्रकांत ज्याला 'टीमवर्क' म्हणतात त्याची इथे रोज परीक्षा व्हायची, कारण भाकरी करणाऱ्याची जात विचारत बसलं तर जेवण होत नव्हतं.

योगायोगाने त्याच साली, १९२४ मध्ये, अमळनेरच्या शाळेत पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक शिक्षक रुजू झाले आणि पुढे तिथल्या छात्रालयाचे प्रमुख झाले. त्यांनी तिथे एक विलक्षण गोष्ट केली. रोज मुलांसाठी हाताने दैनिक लिहायला सुरुवात केली. 'छात्रालय दैनिक'. कोणी खोली झाडली नाही इथपासून जगात काय चाललंय इथपर्यंतच्या गोष्टी त्यात येत. संपादक, वार्ताहर, नकलनवीस सगळं एकच माणूस. सकाळी उठल्यावर मुलांना ते वाचायला मिळायचं. खोली न झाडणाऱ्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. १९३० मध्ये साने गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात गेले, पण मुलांशी बोलायची ही रीत पुढच्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रभर पसरली.

संध्याकाळच्या मैदानावर राजकारण उतरलं ते १९२५ पासून. नागपुरात डॉ. हेडगेवारांनी संघाची स्थापना केली. रोज एक तास शाखा, खेळ, प्रार्थना, बौद्धिक, आणि गटाची जबाबदारी पोरांपैकीच एकावर, हा साचा मुलांना घट्ट बांधून ठेवणारा निघाला. राष्ट्रीय चळवळीतल्या समाजवादी तरुणांना त्याची धास्ती वाटली. जातिभेद न मानणारी, हिंदू-मुसलमान न बघणारी, मुलामुलींना बरोबर घेणारी शाखा आपण का चालवू नये, या प्रश्नातून ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाला आजचं रूप आलं. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले.

सेवा दलाच्या शाखेचा आराखडा वरवर पाहता तोच. झेंडावंदन, कवायत, लेझीम, खेळ, मग गोल करून बौद्धिक. फरक गाण्यांत होता आणि मुलींत होता. एकोणीसशे चाळीसच्या दशकात तेरा-चौदा वर्षांची मुलगी फ्रॉकवर किंवा परकरावर मैदानात येऊन मुलांबरोबर कवायत करते, हे अनेक गावांत वाड्यावाड्यांतून चर्चेचा विषय व्हायचं. काही घरांनी मुली परत नेल्या. काही मुली तरीही येत राहिल्या. १९४२ च्या आंदोलनात वरचे नेते तुरुंगात गेले तेव्हा दलाची तरुण पोरं मागे उरलेलं काम ओढत राहिली.

स्वातंत्र्यानंतर दलाने कलापथक उभं केलं, आणि नेतृत्व शिकवण्याचा हा बहुधा सगळ्यात आनंदी प्रकार होता. वसंत बापट गाणी लिहीत, पु. ल. देशपांड्यांनी 'पुढारी पाहिजे' हे लोकनाट्य दिलं. पुढाऱ्यांची टिंगल करणारं वगनाट्य पुढारी घडवू पाहणाऱ्या संघटनेने गावोगाव करावं, यात त्या काळाचा मोकळेपणा दिसतो. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके याच वाटेने रंगमंचावर आले. ट्रकमध्ये सामान टाकायचं, गावात उतरून मंच बांधायचा, प्रयोग झाला की सतरंज्या आपणच गुंडाळायच्या. पडद्यामागचं काम कमी दर्जाचं नसतं हे सांगायला तिथे वेगळं सत्र लागत नव्हतं.

१९५० मध्ये साने गुरुजी गेले. पुढच्याच वर्षी प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावाने कथामाला सुरू केली. कल्पना अगदी साधी. मुलांना जमवायचं आणि गोष्ट सांगायची. हळूहळू मुलंच गोष्टी सांगायला लागली. चाळीच्या गच्चीवर, शाळेच्या रिकाम्या वर्गात, कुठेही. चार पोरांसमोर उभं राहून गोष्ट शेवटपर्यंत नेणं हे वक्तृत्व स्पर्धेच्या पाठ केलेल्या भाषणापेक्षा अवघड असतं. ऐकणारा कंटाळला की लगेच उठून जातो. सरकारी पातळीवर १९५६ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय बालभवन आलं. मुंबईतही चर्नी रोडजवळ बालभवन आहे. चित्रं, माती, नाटक, विज्ञानाची खेळणी. त्यांचा उपयोग झाला, पण इमारतीपर्यंत पोचू शकणाऱ्यांनाच.

१९६२ च्या विजयादशमीला पुण्यात डॉ. वि. वि. ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी काढली आणि दिशाच बदलली. आज प्रबोधिनी म्हटलं की लोकांना प्रशाला आठवते, पण ती १९६९ ची. सुरुवातीला मुलं आपापल्या शाळेत जात आणि शाळा सुटल्यावर इथे येत. त्यांची निवड बुद्धिमत्ता चाचण्यांनी होई. पाठांतर आणि स्मरण सोडून बुद्धीच्या इतर क्षमता कशा वाढवायच्या, याचा पद्धतशीर विचार मराठी मुलखात बहुधा इथे पहिल्यांदा झाला. प्रकल्प करा, माणसांना भेटा, खेड्यात जाऊन राहा, अहवाल लिहा. शिकवणाऱ्यांना 'सर' म्हणायच्या ऐवजी ताई आणि दादा. संध्याकाळच्या क्रीडादलांवर कॉलेजातली मुलं. गणेश विसर्जन मिरवणुकीतलं ढोल आणि बरचीचं शिस्तबद्ध पथक हाही त्याच शिक्षणाचा भाग होता. आज पुण्यात ढोलपथकांचं जे पीक आलंय त्याच्या मुळाशी प्रबोधिनीचं नाव घेतलं जातं. शिस्त किती झिरपली हा वेगळा विषय.

हुशार मुलं आधी निवडून मग त्यांना नेतृत्वासाठी तयार करायचं, हा निर्णय मात्र तेव्हाही वादाचा होता आणि आजही आहे. सेवा दलाच्या मैदानाला दार नव्हतं. प्रबोधिनीला परीक्षा होती. प्रबोधिनीच्या बाजूने एवढं म्हणावं लागेल की निवडलेल्या मुलांनी समाजासाठी काम करावं हा आग्रह तिने सोडला नाही. पण चाचणीत कोण चमकतं, हे त्या मुलाच्या घरात पुस्तकं किती आहेत यावर बरंच ठरतं.

या सगळ्याला एक खट्याळ उत्तर १९८५ साली पुण्यातच मिळालं. शोभा भागवतांनी सारसबागेजवळ गरवारे बालभवन घडवलं आणि जवळजवळ सगळा भर खेळण्यावर दिला. वाळू, पाणी, माती, झाडावर चढणं. निकाल नाही, नंबर नाही, बक्षीसही शक्यतो नाही. 'मग इथे मुलाला नेमकं काय शिकवता?' हा प्रश्न पालक विचारायचेच. वाळूत किल्ला बांधताना तू कर, मी पाणी आणतो, अशी वाटणी पोरं आपली आपण करतात; मोठ्यांनी फक्त मध्ये पडायचं नाही. हे न पडणं भल्याभल्यांना जमत नाही.

दरम्यान मुंबईच्या झोपडपट्ट्यांत वेगळाच प्रश्न होता. तिथल्या मुलाला शाळेनंतर मैदान तर सोडाच, वही पसरायला जागा नव्हती. तिथे अभ्यासिका हा शब्द रुळला. १९८८ मध्ये डोअर स्टेप स्कूल सुरू झाली. १९९१ मध्ये शाहीन मिस्त्री या कॉलेजातल्या मुलीने शाळांकडे रिकामे वर्ग मागितले. बहुतेकांनी नकार दिला, कुलाब्यातल्या एका शाळेने होकार दिला आणि पंधरा मुलांवर 'आकांक्षा' या संस्थेचं पहिलं केंद्र सुरू झालं. नव्वदच्या दशकात 'प्रथम' ही संस्था आली, १९९९ मध्ये 'मॅजिक बस'. नागपुरात २००१ साली क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी वस्तीतली पोरं पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली, त्यांना फुटबॉल दिला आणि त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं.

वस्तीतली अभ्यासिका म्हणजे बहुतेकदा समाजमंदिराची एक खोली. चटया, एक फळा, भिंतीवर बाराखडीचा तक्ता. नववीतली मुलगी चौथीतल्यांना हातच्याची वजाबाकी समजावते आहे, मध्येच कोणाची तरी आई दारात येऊन 'नळ आला' म्हणते आणि चार मुली कळश्या घेऊन पळतात. अर्ध्या तासाने परत येतात तेव्हा वजाबाकी तिथेच थांबलेली असते. ताईला हे ठाऊक असतं, म्हणून ती नवीन धडा पाण्याच्या वेळेआधी काढतच नाही.

आज वापरात असलेली भाषा त्यानंतरची. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी केली: निर्णय घेणं, समस्या सोडवणं, सहानुभाव, ताण हाताळणं वगैरे. यादी चांगली आहे. मग २०१३ चा कंपनी कायदा आला, २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं आणि या क्षेत्रात कधी नव्हता एवढा पैसा आला. त्याने अनेक संस्था जगल्या. कार्यकर्त्याला नीट पगार मिळू लागला, हे काही लहान नाही. पण निधीबरोबर मोजमापही आलं. किती मुलं, किती सत्रं, 'आत्मविश्वास' आधी किती आणि नंतर किती. एका मुलाला मंच बांधायला लावून तीन वर्षं वाट पाहणं या तक्त्यात बसत नाही.

दुसरा बदल जास्त खोल आहे. तालीम असो, शाखा असो वा दल, यांचा कणा होता कॉलेजात जाणारा दादा किंवा ताई. दुपारनंतर मोकळे, घरून जेवणारे, बिनपगारी. जेईई-नीटच्या 'इंटिग्रेटेड' कॉलेजांनी आणि क्लासच्या बॅचनी हे वय जवळजवळ पुरतं उचलून नेलं. आठवीपासून फाउंडेशन बॅच असते, म्हणजे धाकटेही गेले. मैदानं आहेत तिथेही पाचला क्रिकेटची पैसे भरून चालणारी अकादमी असते.

म्हणून आता बरेच गट रोज भरायचे सोडून आठवड्याने भरतात. किशोरी गटांना संध्याकाळ कधीच सोयीची नव्हती, त्या दुपारीच जमतात. आणि मुलांच्या गटांनी रविवार सकाळ धरली होती, पण तिथे टेस्ट सिरीज आली, तेव्हा आता रविवार दुपार.