हुकूम पाळणं वेगळं, हाकेला ओ देणं वेगळं

आमच्याकडे गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. रोख किती, ज्वारी किती, उचल किती, सगळं आधी बोलून घेतात आणि मग पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस त्या शेताला बांधलेला. त्याच शेतात मालकाचा पोरगाही डवरा धरतो, फवारणी करतो, रानडुकरांसाठी रात्री जागलीला जातो. बांधावरून पाहणाऱ्याला दोघांत काही फरक दिसत नाही. कित्येक घरी तर सालगडीच जास्त राबतो. बैलाच्या खांद्याला आलेली सूज आधी त्याच्याच नजरेला पडते. तेव्हा मी कोणाची मेहनत कमी-जास्त ठरवत नाही. मला बोलायचं आहे ते नात्याबद्दल. देवाची आज्ञा पाळण्याचेही असेच दोन प्रकार आहेत आणि ख्रिस्ती मंडळीत आपण ते सर्रास एकच समजतो.

हुकूम पाळणाऱ्याचं लक्ष कामावर आणि त्याच्या मोबदल्यावर असतं. केलं तर पदरात काही पडेल, टाळलं तर काही वाईट होईल. हाकेला ओ देणाऱ्याला आवाज ओळखीचा असतो, काम मागाहून कळतं. बायबलमध्ये शिलोच्या मंदिरात झोपलेल्या लहान शमुवेलाला रात्री देवाची हाक आली, तेव्हा तो तीनदा उठून म्हाताऱ्या एली याजकाकडेच धावला. मग एलीनेच त्याला सांगितलं, पुन्हा हाक आली तर म्हण, बोल, तुझा दास ऐकत आहे. काय सांगणार आहेस, हे पोराने विचारलं नाही. आणि निरोप मिळाला तो अवघड होता. ज्याने वाढवलं, त्या एलीच्याच घराण्याच्या नाशाचा.

‘ऐकणं’ हा शब्द आपल्या बोलीत दोन्हीकडे चालतो. ‘पोट्टं ऐकतच नाही’ म्हटलं की त्याचे कान बिघडलेत असं कोणी समजत नाही. जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला, तिच्यातही ‘शमा’ या एकाच क्रियापदात ऐकणं आणि मानणं दोन्ही येतं.

आता योना संदेष्टा घ्या. देवाने त्याला निनवे शहराला जायला सांगितलं आणि तो याफोला जाऊन उलट दिशेच्या तार्शीशाचं जहाज गाठून बसला. वादळ, समुद्र, तीन दिवस माशाच्या पोटात. हे आपण संडे स्कूलपासून ऐकतो आणि बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपवतो. पण खरी अडचण त्यानंतर सुरू होते. दुसऱ्यांदा आज्ञा आल्यावर योना गेला. सांगितलं तेच बोलला. एक लाख वीस हजारांहून जास्त माणसांचं शहर, राजापासून सगळ्यांनी गोणपाट नेसून पश्चात्ताप केला. एवढं फळ आलेली सेवा बायबलमध्ये क्वचित सापडते. आणि योना शहराबाहेर रागाने धुमसत बसला, मला मरण दे म्हणू लागला. का? तर देवाने त्या लोकांना क्षमा केली.

लूकच्या १५व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यातला थोरला भाऊ योनाच्या शेजारी उभा करून पाहा. इतकी वर्षं राबलो, एक आज्ञा मोडली नाही, असं तो बापाला ऐकवतो. ते खोटं नाही. पण त्याचाही राग नेमका तेव्हाच भडकतो, जेव्हा बाप सगळं उधळून परत आलेल्या धाकट्याला काही न मोजता घरात घेतो. माझ्या मते दोन प्रकार ओळखायची सगळ्यात पक्की जागा हीच आहे. काम चालू असताना काही कळत नाही. देवाने दुसऱ्यावर दया केली की मनातली वही उघडी पडते.

माझी वही अशीच उघडी पडली. चार वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी मला दर शनिवारी संध्याकाळी एका तांड्यावर प्रार्थनेला जायला सांगितलं. नऊ किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता पांदणीचा. पाऊस असो, वेचणी असो, मी खाडा केला नाही. नाताळाच्या कार्यक्रमात मात्र साक्ष द्यायला पुढे बोलावलं ते दोनच महिने माझ्याबरोबर येणाऱ्या एका पोराला. घरी येऊन मी न जेवता बाजेवर पडलो. बाबांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “काहून बाबू, हिशेब जमला नाई काय?” मला उत्तर देता आलं नाही.

इथे एक घोळ मात्र होऊ देऊ नये. स्वखुशीने मानणं म्हणजे हसतखेळत जाणं, असं कोणी समजलं तर तो उगाच स्वतःला दोष देत बसेल. गेथशेमाने बागेत येशूला वधस्तंभाचं दुःख हवंसं नव्हतं. हा प्याला टळावा, अशी विनंती त्याने केली, पुन्हा पुन्हा केली. पण ती करताना त्याच्या तोंडी शब्द होता ‘अब्बा’, बापा. पुढे रोमकरांना पत्र लिहिताना दास्याच्या आत्म्यासमोर प्रेषित पौल हीच हाक ठेवतो: भीती घालणारा दास्याचा आत्मा तुम्हाला मिळाला नाही, ज्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ म्हणतो तो दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे. रडत, घाम गाळत दिलेली ओ ही ओच असते. दोन मुलांच्या दाखल्यात, बापाने सांगितल्यावर द्राक्षमळ्यात जायला ‘नाही’ म्हणून नंतर पस्तावून गेलेला मुलगा येशूने पुढे केला. ‘जातो, महाराज’ म्हणून घरीच राहिलेला नाही.

नाखुशीने केलेलं सगळं वाया जातं, असंही नाही. योनाच्या कडवट तोंडूनच निनवे वाचलं. पौल तर म्हणतो, मी नाखुशीने केलं तरी कारभार माझ्यावर सोपवलेलाच आहे. वाया जातो तो करणारा.

पाचारणाबद्दल, म्हणजे देवाच्या बोलावण्याबद्दलही थोडं. यवतमाळला १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षण देणारी संस्था होती, मग ती पुण्याला गेली. बाबांच्या पिढीत ‘पाचारण झालं’ हे तिथे शिकायला येणाऱ्यांबद्दलच बोलायचे. पौलाने हा शब्द करिंथच्या साध्या विश्वासणाऱ्यांना लावला आहे, त्यांत गुलामही होते. म्हणजे नांगरणाऱ्यालाही हाक येते.

योनाच्या शेवटच्या अध्यायात देव एका रात्रीत सावलीचं झाड वाढवतो आणि पहाटे एक अळी ते खाऊन टाकते. २०१७ च्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी पाहिलेल्या आमच्या लोकांना ते दृश्य समजावून सांगावं लागत नाही. न लावलेल्या झाडासाठी योना हळहळतो, तेव्हा देव त्याला विचारतो: तुला या झाडाची एवढी कीव येते, मग मला त्या माणसांची आणि इतक्या गुराढोरांची येऊ नये? पुस्तक या प्रश्नावरच संपतं. तांड्यावर हा अध्याय वाचला की बाबा गुराढोरांपाशी मला थांबवतात आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावतात.