फॅमिली घेऊन पार्कला जायचंय? गाडी बुक करायच्या आधी एवढं वाचून घ्या

नमस्कार भाऊ, ताई,

सुट्ट्या लागल्या की आमच्याकडं फोन सुरू होतात, "भाऊ, लेकरं मागं लागली, वॉटर पार्कला जायचं, एर्टिगा मोकळी आहे का". गाडी तर देतोच, पण नुसती गाडी मिळाली म्हणून दिवस चांगला जात नाही, म्हणून हा कागद छापला. आमचं सांगणं एकच, प्लॅन करताना घरातलं सगळ्यात लहान लेकरू आणि सगळ्यात म्हातारं माणूस यांना झेपेल तेवढाच दिवस आखा, तरण्या पोरापोरींचं कसंही भागते.

कुठं जायचं ते आधी ठरवा

आर्वी, तळेगाव, कारंजा घाडगे या बाजूच्या लोकांना सगळ्यात सोपं म्हणजे बाजारगावचं फन अँड फूड व्हिलेज, ते अमरावती रोडवरच आहे, नागपूर शहरात घुसायचंच काम नाही. आजी-आजोबा सोबत असतील आणि त्यांना पाण्यात उतरायचं नसेल तर नागपूरचं गोरेवाडा प्राणी उद्यान बरं, २६ जानेवारी २०२१ ला ते सुरू झालं, तिथं बसमधे बसून वाघ, बिबट, अस्वल पाहता येते, म्हणजे टोंगळे दुखणाऱ्या माणसाला जास्त चालायची गरज नाही. फक्त सोमवारी जाऊ नका, बंद असते.

शेगावचं आनंद सागर पुष्कळ जण विचारतात. मधी काही वर्षं ते बंद होतं, मग काही भाग उघडला, त्यामुळं जुन्या आठवणीतली झुकझुक गाडी आणि झुले डोक्यात धरून लेकरांना कबूल करू नका, दर्शनासाठी म्हणून जा आणि आधी चौकशी करा. गुरुवारी गर्दी असतेच, लहान लेकरू घेऊन रांगेत उभं राहायचं असेल तर दुसरा वार पाहा.

लांबचं म्हणाल तर समृद्धी महामार्गामुळं शिर्डी आता जवळ आली, नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. तिथं साईतीर्थ थीम पार्क आहे आणि वेट अँड जॉय वॉटर पार्क पण आहे, पण त्याला एक मुक्काम धराच. आणि खोपोलीजवळचं इमॅजिका, २०१३ ला सुरू झालेलं, मोठमोठ्या राईडवालं, ते एका दिवसाचं काम नाही, कोणी म्हणत असेल "रात्री निघू, दिवसभर खेळू, रात्री वापस" तर आम्ही गाडी देत नाही, कारण ड्रायव्हर पण माणूसच आहे.

एक विनंती, पार्क, देवदर्शन, फुटाळा तलाव आणि सीताबर्डीची खरेदी हे सगळं एकाच दिवसात कोंबू नका. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत लेकरं गाडीतच झोपलेली असतात आणि मोठे एकमेकांवर चिडलेले.

कधी जायचं

आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळं मे आणि जून दोन्ही महिने वॉटर पार्कला तुडुंब गर्दी, रविवारी तर स्लाईडच्या जिन्यावर रांग आणि पायाखाली लादी तापलेली. शेतीवाल्यांना आम्ही होळीनंतरचा मधला वार सांगतो, कापसाची वेचणी उरकलेली असते, पाणी अंगाला गार लागत नाही, ऊनही अजून ४५ वर गेलेलं नसते. झुल्यांचं पार्क किंवा गोरेवाडा असेल तर थंडीचे दिवस चांगले.

गेटवर काय होते ते ऐका

तिकीट बहुतेक ठिकाणी उंचीवर असते, वयावर नाही. गेटजवळ पट्टी रंगवलेली असते, लेकराला चप्पल काढून तिथं उभं करतात. मोठ्या राईडच्या तोंडाशी परत तसाच बोर्ड, आणि दोन बोटं कमी पडली तर बसू देत नाही, कितीही हात जोडा, कारण सीटचा पट्टा त्या अंगाला घट्ट बसत नाही, नियम बरोबरच आहे. पण लेकरू तासभर रांगेत उभं राहून रडत वापस येते ना ते पाहवत नाही. म्हणून घरीच दाराच्या चौकटीला उभं करून उंची मोजा, पार्कच्या साईटवर कोणत्या राईडला किती लागते ते पाहा, आणि बसता येणार नाही ते आदल्या दिवशीच सांगून टाका. गरोदर बाई, हार्टचा पेशंट, बीपी किंवा मानेपाठीचं दुखणं असलेल्यांनी जोराच्या राईडपासून दूरच राहायचं.

पाण्यात साडी, सलवार, जीन्स, सुती बनियन चालत नाही, सुताचे धागे फिल्टरमधे अडकतात आणि ओला कपडा स्लाईडवर घासते. नायलॉनचे कपडे लागतात, ते तिथं भाड्यानं मिळतात पण वर डिपॉझिट असते, लॉकरचं वेगळं. घरचे असतील तर सोबत घ्या, चार-पाच जणांत बरेच पैसे वाचतात. आयाबायांना पाण्यात जायचं नसेल तर कोरडं बसायची जागा आहे का ते आधी विचारा.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाही, लहान बाळाचं खाणं आणि औषध चालते. खर्रा, तंबाखू, माचिस गेटवरच काढून घेतात, तेव्हा घरीच ठेवा. शिदोरी मात्र नक्की बांधा, तिखट पुऱ्या, आलूची सुकी भाजी, मुरमुरे-फल्लीदाणे, आत जायच्या आधी गाडीपाशी पोटभर खा, आम्ही सावली पाहून गाडी लावतो. तेलकट खाऊन लगेच राईडवर बसू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

हरवायची भीती असते. सकाळीच सगळ्या लेकरांचा एक फोटो काढा, कोणते कपडे आहेत ते कळते. फोन नंबरची चिठ्ठी पन्नीत गुंडाळून खिशात, आणि "हरवलं तर या बोर्डाखाली थांबायचं, हलायचं नाही" असं एक ठिकाण दाखवून ठेवा.

गाडीबद्दल

आमच्या गाड्या पिवळ्या पाटीच्या, टुरिस्ट परमिटवाल्या आहेत. पांढऱ्या पाटीची घरची गाडी कोणी स्वस्तात देते म्हणते, पण ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात, तेव्हा पाहून घ्या. एर्टिगात ड्रायव्हर धरून सात, लेकरं मांडीवर घेऊन दहा जण बसवत नाही. त्याहून जास्त असाल तर क्रुझर किंवा ट्रॅव्हलर सांगा.

समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, आम्ही त्याच्या खालीच चालवतो. उन्हात काँक्रीटवर टायर फार तापतात, निघायच्या आधी हवा आणि टायरची झीज तुमच्यासमोर तपासतो, तुम्ही पण वाकून पाहा. ज्यांना गाडी लागते त्यांनी समोर बसायचं, निघताना हलकं खायचं, गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरला विचारून निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, गाडीत पन्नी ठेवलेली असते.

तिघं-चौघंच असाल आणि नागपूरपर्यंतच जायचं असेल तर एसटीचा पण हिशोब करून पाहा, बायांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या वरच्यांना फ्री आहे. ५-६ जण आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर गाडीच बरी पडते.

फोन करताना किती माणसं, लेकरांची वयं, कोणाला काही दुखणं आहे का, आणि वापस कधी यायचं ते सांगा. किलोमीटर तुमच्या दारापासून दारापर्यंत धरतो, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, ते आधीच कागदावर लिहून देतो. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवलं तर ॲडव्हान्स पूर्ण वापस, आणि लेकरू आजारी पडलं तर सकाळी सांगितलं तरी चालते.