‘युनियनवाला’ नक्की कुणाला म्हणायचं? थोडी पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर पट्ट्यात ‘तो युनियनवाला आहे’ म्हटलं की समोरचा आधी सावध होतो, कामाला लागणाऱ्या पोरालाही घरचे सांगतात की युनियनबिनियनच्या भानगडीत पडू नको. पूर्वी असं नव्हतं. 1928 च्या गिरणी संपानंतर ‘आम्ही लाल बावटेवाले’ असं लोक छाती काढून सांगायचे.

खरा घोळ घातला तो ‘मान्यताप्राप्त युनियन’ या शब्दाने. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरणीधंद्यात एका भागात एकाच युनियनला सगळ्यांच्या वतीने बोलायचा हक्क मिळाला. मग 1971 चा राज्याचा कायदा, जो वागळे इस्टेट ते तुर्भ्यापर्यंतच्या कारखान्यांना जास्त जवळचा, त्यात मान्यतेची अट अशी की आधीचे सहा महिने किमान 30 टक्के कामगार मेंबर पाहिजेत. आता 30 म्हणजे काही निम्मे नव्हेत, त्यामुळे मान्यता एकीकडे आणि गेट मीटिंगची गर्दी दुसरीकडे असं होऊ शकतं, आणि दोन्हीकडचे युनियनवालेच! मॅनेजमेंट म्हणणार आम्ही युनियनशी बोललो, कामगार म्हणणार आमच्याशी कोण बोललं?

1982 ला गिरण्यांमध्ये नेमकं हेच पेटलं. जानेवारीत अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पगार-बोनसबरोबर 1946 चा कायदाच रद्द करा ही मागणी होती, कारण ज्या मान्यताप्राप्त युनियनवर कामगारांचा भरवसा नाही तीच करार करणार होती. बोलणी टाळायला त्या कायद्याचा आडोसा घेतला गेला असं माझं स्पष्ट मत आहे. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही, हजारो घरं उघड्यावर आली आणि बोल लागला तो युनियनवाल्यांना, कायद्याचं नाव कुणी घेतलं नाही.

नंतर कंत्राटी कामगार वाढले. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सांगितलं की 1971 च्या कायद्याखाली मालकाविरुद्ध दाद मागायची तर आपण कंपनीचेच कामगार आहोत हे आधी दुसऱ्या न्यायालयात सिद्ध करून या. म्हणजे एकाच मशीनवर शेजारी उभे राहणारे दोघं, एकाला दरवाजा उघडा, दुसऱ्याला नाही. केंद्राच्या 2020 च्या औद्योगिक संबंध कोडमध्ये एकापेक्षा जास्त युनियन असतील तर एकट्याने वाटाघाटी करायला 51 टक्के कामगार मेंबर लागतात, तेवढे कुणाकडेच नसतील तर 20 टक्क्यांमागे एक प्रतिनिधी धरून वाटाघाटींसाठी कौन्सिल करायचं. पण ही टक्केवारी हजेरीपटावरच्या माणसांची. जो कंत्राटावर आहे, मेंबरशिपची पावती फाडायची ज्याला भीती वाटते आणि तरी शिफ्ट सुटल्यावर मीटिंगला थांबतो, तो यात कुठेच मोजला जात नाही, आणि माझ्या लेखी पहिला युनियनवाला तोच.