गायकाच्या डाव्या हाताला: लालगुडी जयरामन यांच्या व्हायोलिनची पार्श्वभूमी

आपल्याकडे गवयाच्या साथीला पेटी असते, त्याआधी सारंगी असे. व्हायोलिन आपण ऐकतो ते बहुतेक वेळा स्वतंत्र वादन म्हणून. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार ही नावे त्यामुळेच आठवतात. दक्षिणेत मात्र गायकाच्या डाव्या हाताला व्हायोलिन नाही अशी मैफल विरळा. त्या जागेवर बसून ज्यांनी साथीचा अर्थच बदलला, त्या लालगुडी जयरामन यांच्याविषयी लिहायचे तर आधी हे वाद्य तिथे कसे पोहोचले ते पाहावे लागते.

सुरुवात अठराव्या शतकाच्या अखेरीस, मद्रासच्या आसपास होते. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) मद्रासजवळच्या मणलीत राहत असताना इंग्रजांच्या बँडमधल्या एका वादकाकडून व्हायोलिन शिकले. मग त्यांनी त्यावर आपले राग वाजवून पाहिले आणि ते जमले. जमण्याचे कारण साधे आहे. या वाद्याला पडदे नाहीत, त्यामुळे गमकाचा, म्हणजे स्वर हलवण्याचा, झोका हवा तिथे, हवा तेवढा घेता येतो. आणि गज चालू आहे तोवर स्वर गळ्यासारखा टिकतो. वीणेचा नाद छेडल्यानंतर विरत जातो. पुढे वादकाने मांडी घातली, वाद्याचे टोक पावलावर टेकवले, तारा सा-प-सा-प अशा लावल्या आणि परके वाद्य घरचे झाले.

या कथेत मराठी धागाही आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८–१८३२), पाश्चात्त्य वाद्यांना आणि संगीताला मोकळे दार होते. याच दरबारातल्या चौघा भावांपैकी वडिवेलू उत्तम व्हायोलिन वाजवत. पुढे ते त्रावणकोरला गेले आणि १८३४ मध्ये स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. परक्या वाद्याला राजमान्यता मिळायला चाळीस-पन्नास वर्षेही लागली नाहीत. पेटीला आकाशवाणीने आपल्याकडे किती काळ उंबऱ्याबाहेर ठेवले, हे आठवले की या घाईचे नवल वाटते.

लालगुडी हे गाव तिरुचिरापल्लीजवळ, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात. दक्षिणेतले संत-रचनाकार त्यागराज स्वामी इथे येऊन गेले आणि इथल्या देवतांवर त्यांनी रचलेल्या पाच कृती, म्हणजे भक्तिगीते, ‘लालगुडी पंचरत्न’ म्हणून गायल्या जातात. जयरामन यांचे घराणे त्यागराजांच्या शिष्यपरंपरेतले. १७ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचा जन्म झाला. गुरू एकच, वडील व्ही. आर. गोपाल अय्यर, आणि शिस्त अत्यंत कडक. वयाच्या बाराव्या वर्षी ते साथीला बसले.

ही साथ म्हणजे काय, हे आपल्या श्रोत्यांना थोडे उलगडून सांगायला हवे. मुख्य गायक आलापना, म्हणजे रागाचा आलाप, करतो तेव्हा व्हायोलिन त्याच्या मागोमाग हलक्या सावलीसारखे जाते. तो थांबला की वादक त्याच रागाचा स्वतःचा आलाप करतो. नेरवलमध्ये एकच ओळ घोळवत न्यायची असते. कल्पनास्वरांत गायक सरगम फेकतो आणि तिला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. उत्तर चोख हवे, पण मूळ गायकाला झाकणारे नको. हे सगळे बहुधा तालमीशिवाय, आणि आज एक गायक तर उद्या वेगळ्याच स्वभावाचा दुसरा. जयरामन यांनी अरियाकुडी रामानुज अय्यंगार, चेंबै वैद्यनाथ भागवतर, सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर, जी. एन. बालसुब्रमण्यम, मदुरै मणि अय्यर अशा दिग्गजांना साथ केली. यातल्या कोणाही दोघांचे गाणे एकसारखे नाही. माझ्या मते त्यांची खरी पाठशाळा हीच: रोज नवा गळा कानात साठवायचा आणि गजातून काढायचा.

त्यातून जे घडले त्याला ‘लालगुडी बाणी’, म्हणजे लालगुडी शैली, म्हणतात. त्यांच्या वादनात कृतीचे शब्द ऐकू येतात, असे लोक म्हणतात, आणि ही नुसती स्तुती नाही. अक्षर कुठे सुरू होते, दीर्घ स्वर कुठे लांबतो, पद कुठे तुटते, त्याप्रमाणे ते गज वळवत. तेलुगू कृती पाठ असलेल्या श्रोत्याला ओळीच्या ओळी समजत.

तंत्राच्या इतिहासाने त्यांना मदतही केली. आधीच्या पिढीतल्या म्हैसूर चौडय्यांना मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे होते, म्हणून त्यांनी सात तारांचे व्हायोलिन काढले. जयरामन पुढे आले तेव्हा मायक्रोफोन रुळला होता. जोराची गरज उरली नाही आणि नाजूकपणाला वाव मिळाला. त्यांच्या मृदू, रेशमी आवाजामागे प्रतिभेइतकाच त्या यंत्राचाही वाटा असावा.

त्यांचे नाव टी. एन. कृष्णन आणि एम. एस. गोपालकृष्णन या व्हायोलिनवादकांच्या जोडीने घेतले जाते. कृष्णन यांच्या भगिनी, व्हायोलिनवादक एन. राजम मराठी रसिकांना चांगल्या परिचयाच्या. गोपालकृष्णन तर हिंदुस्थानीतही रमले. ओंकारनाथ ठाकूर आणि डी. व्ही. पलुस्कर यांना त्यांनी साथ केली. जयरामन मात्र आपल्या पद्धतीत राहून बाहेर पाहत होते. १९६५ मध्ये एडिंबरा महोत्सवात त्यांचे वादन ऐकून पाश्चात्त्य व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन इतके प्रभावित झाले की त्यांनी जयरामन यांना इटालियन व्हायोलिन भेट दिले. पुढच्याच वर्षी एन. रमणी यांची बासरी आणि आर. वेंकटरामन यांची वीणा सोबत घेऊन त्यांनी तीन वाद्यांची एकत्र मैफल सुरू केली. हळूहळू साथ मागे पडली आणि एकल वादन पुढे आले.

रचनाकार म्हणून ते कदाचित वादकापेक्षाही दूरवर पोहोचले. त्यांचे वर्णम् (आरंभी गायचा रचनाप्रकार) गायक मैफलीच्या सुरुवातीला घेतात आणि तिल्लाने (आपल्या तराण्यासारख्या रचना) शेवटी. मधली मैफल त्यागराजांची. मोहनकल्याणीतला तिल्लाना भरतनाट्यम् शिकणाऱ्या कितीतरी मुलींना पाठ असतो, पुण्या-मुंबईतल्या वर्गांतही. देश, द्विजावंती असे उत्तरेचे रागही त्यांनी तिल्लान्यांत आणले.

शिकवण्यात तर वाद्याची भिंतच उरली नाही. मुलगा जी. जे. आर. कृष्णन आणि मुलगी विजयालक्ष्मी व्हायोलिन शिकले, पण त्यांच्याकडे गाणारेही येत. मुंबईत वाढलेल्या जयश्री १९८९ मध्ये चेन्नईला गेल्या आणि या व्हायोलिनवादकाकडे गाणे शिकल्या. आज त्या बॉम्बे जयश्री म्हणून ओळखल्या जातात. ज्याने आयुष्यभर गळ्यामागे गज चालवला, त्याच्याकडून गळा घडवून घ्यायचा, यात विसंगत काहीच नव्हते.

मानसन्मान मिळाले: १९७२ मध्ये पद्मश्री, १९७९ मध्ये संगीत नाटक अकादमी, २००१ मध्ये पद्मभूषण. मद्रास म्युझिक अकादमीच्या संगीत कलानिधी या मानाच्या किताबाच्या यादीत मात्र त्यांचे नाव नाही, आणि ही गोष्ट रसिकांना अजून खुपते. २२ एप्रिल २०१३ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जानेवारीत गोपालकृष्णन गेले होते. २०२३ चा संगीत कलानिधी सन्मान बॉम्बे जयश्रींना मिळाला.